म्हाळाप्पाची जीभ

गेल्या महिन्यात सांगलीला एका लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी एक तरुण वकील बसला होता. समोरचा कुणीतरी आपल्याला माणूस बघताक्षणी ओळखता येतो अशी बढाई मारत होता. वकील म्हणाला, "राहू दे रे, ही म्हाळाप्पाची जीभ झाली!" आणि आजूबाजूचे चार जण हसले.

माझ्या हातातली जिलेबी हातातच राहिली. मी विचारलं, "म्हणजे काय?"

"आमच्या घरातली जुनी म्हण आहे, आजोबा," तो म्हणाला. "साताऱ्याच्या क्लबात पूर्वी एक हवालदार होता म्हणे. कुठलीही दारू जिभेवर ठेवायचा आणि तिचं वय सांगायचा. एकदा कर्नलसमोर परीक्षा झाली आणि साफ आपटला. तेव्हापासून पोकळ बढाईला आमचे आजोबा म्हाळाप्पाची जीभ म्हणायचे. आता सगळेच म्हणतात."

त्याचे आजोबा म्हणजे इनामदार. त्या परीक्षेच्या टेबलाशी बसलेले चौथे गृहस्थ. ते जाऊनही पंचवीस वर्षं झाली. माणसं गेली, क्लब गेला आणि त्या दिवसातलं खोटं तेवढं जिवंत राहिलं. जिलेबी मी पानात ठेवली ती तशीच राहिली.

म्हणून हे लिहितो आहे. म्हाळाप्पाची जीभ त्या दिवशी चुकली नव्हती.

महायुद्ध संपलं त्याच्या दुसऱ्या वर्षाची ही गोष्ट. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा, नुकतं लग्न झालेला, साताऱ्याच्या कॅम्पातल्या क्लबात कारकून होतो. क्लब साहेबांचा, दोनचार संस्थानी मंडळी आणि वकील यांनाही आता आत घेऊ लागले होते. मी पत्रं टाइप करायचो, सामानाची यादी ठेवायचो आणि साहेबलोकांना मराठी आणि मराठी लोकांना इंग्रजी समजावून सांगायचो. दारूचा थेंब मी कधी तोंडाला लावला नव्हता. पण बारची जबाबदारी ज्याच्याकडे होती, त्यानं तरी कुठं गिळला होता?

म्हाळाप्पा हवालदार कवठे महांकाळच्या पलीकडचा, मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातला. पंचेचाळिशीचा असेल. उंच, वाळलेला, पुढं वाकून चालणारा. जणू अजून पुढं मेंढरं आहेत आणि ती कुणाच्या तरी शाळवात शिरायच्या बेतात आहेत. पलटणीत तो मेसवर होता. ब्रह्मदेशच्या आघाडीवर त्याची मेस अमेरिकन अधिकाऱ्यांच्या मेसला लागून होती आणि तिथं त्याला बर्बन ही अमेरिकन व्हिस्की भेटली. तो मात्र तिला बर्बन कधी म्हणाला नाही. 'मक्याची' म्हणायचा. "मक्याची हाय ती. नाव कशाला बदलायचं तिचं?"

दारू तो तोंडात घ्यायचा, जिभेवर फिरवायचा, डोळे मिटायचा आणि खिडकीतून बाहेर थुंकायचा. त्या खिडकीखाली एक कण्हेर होती. तिला सबंध कॅम्पात नसतील एवढी फुलं यायची. क्लबाचे सेक्रेटरी असलेल्या मेजरांची मडम माळ्याला विचारायची की हिला खत कुठलं घालतोस. माळी बिचारा शेणखत म्हणून सांगायचा.

मी एकदा म्हाळाप्पाला विचारलं, "हवालदार, तुम्ही तर दारू न पिण्याची शपथ घेतली आहे म्हणता. मग हे काय?"

"आवं रावसाब," तो म्हणाला, "बिरोबाच्या देवळात बाऽनं आन घातली, दारू गळ्याखाली जाऊ द्यायची न्हाई म्हनून. गळ्याची आन हाय, जिभंची न्हाई. देवाला बी इचारून घेतलंय म्या."

"काय म्हणाला देव?"

"काय बी बोलला न्हाई. न्हाई म्हनायचं आसतं तर बोलला आसता की!"

मला तो रावसाब म्हणायचा आणि तुमी-आमी करायचा. माझ्या जवळजवळ दुप्पट वय त्याचं. मी कितीदा सांगितलं, अरे-तुरे करा म्हणून. तो म्हणायचा, "कारकुनाला अरं म्हनलं की यादीत आमचं नाव खाली जातंय."

ही जीभ आली कुठून? बापाकडून, असं तो सांगे. त्याचा बाप मेंढीच्या दुधाचा घोट घेऊन कळप कुठल्या माळावर चरून आला ते सांगायचा. लहानपणी म्हाळाप्पाला ते चुकलं की बापाच्या काठीचा टोला बसायचा. "पाठ सुजली तवा जीभ शानी झाली," तो म्हणे. परीक्षेच्या दिवशी तो मिरची खात नसे. आमच्या मुलखातल्या माणसानं मिरचीशिवाय जेवायचं म्हणजे काय उपास, ते आमच्या मुलखातल्या माणसालाच कळेल. दोन घोटांच्या मध्ये तो कोमट पाण्यानं चूळ भरायचा आणि शाळवाच्या शिळ्या भाकरीचा कोरडा तुकडा चावायचा. हा तुकडा त्याच्या खाकी खिशात पदकाच्या फितींच्या मागं असायचा.

त्या वर्षी अमेरिकन लष्कराचा उरलेला माल लिलावात निघाला, त्यातून क्लबाकडे बर्बनची काही खोकी आली. सगळ्या बाटल्यांवर एकच नाव, एकच चित्र. सेक्रेटरी मेजरांनी त्या एका रांगेत लावायला सांगितल्या. म्हाळाप्पानं दोन बाटल्या उघडल्या, चव घेतली, कण्हेरीला दिली आणि म्हणाला, "ह्या येका रांगंत न्हाई बसायच्या. ही लढाईच्या आदीची हाय आन ही लढाईतली."

मेजर म्हणाले, लेबल एकच आहे. मी तसं म्हाळाप्पाला सांगितलं.

"लेबल वाचायला तुमी हाय की. म्या कशाला वाचू?"

मी वाचायला लागलो. बुचावरून एक कागदी पट्टी चिकटवलेली होती. जी बाटली त्यानं जुनी म्हणून बाजूला ठेवली होती तिच्या पट्टीवर सरकारी शिक्का होता आणि बारीक अक्षरात दोन सालं होती: दारू पिपात कधी भरली आणि बाटलीत कधी उतरवली. दोन्ही सालं युद्धाच्या आधीची. दुसऱ्या बाटलीच्या पट्टीवर सालाचा पत्ताच नव्हता. आम्ही अशा बारा बाटल्या काढल्या. म्हाळाप्पानं डोळे मिटून सांगायचं आणि मी पट्टी वाचायची. बाराच्या बारा बरोबर. त्याला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, आकडेसुद्धा नाहीत. मेजरांनी आपली टोपी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली.

"पण फरक का पडतो?" मी त्याला नंतर विचारलं. "एकाच कारखान्याची ना?"

"लढाईत त्यास्नी बी घाई हुती. दारूच्या भट्ट्या सरकारनं दारूगोळ्याला लावल्या. मग जुनी हुती ती पुरवून पुरवून वापरली, आन कवळ्या दारूत नुसतं जळजळीत इस्पिरिट घालून बाटल्या भरल्या. त्यो अमेरिकन कप्तान रडायचा ओ त्या बाटलीकडं बगून. खरंच रडायचा."

"मग ही नवी बाटली आपण दहा वर्षं ठेवली तर होईल की जुनी."

तो माझ्याकडे कीव येऊन बघत राहिला. मग म्हणाला, "रावसाब, तुमी सांगलीकडचं. हरिपूरची हळदीची पेवं बगितल्यात?"

बघितली होती. जमिनीत खोल खणलेली, वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड. आत हळद वर्षानुवर्षं राहते.

"पेवात हळद मुरती. तीच हळद पोत्यात भरून माळ्यावर ठिवली तर मुरंल का? न्हाई. तसं हाय बगा. पीप म्हंजी पेव. आतनं जाळून काळं केल्यालं लाकूड आसतंय, तेच्यात मक्याची मुरती. बाटलीत घातली की झोपली. झोपंत कुनाला अक्कल येती व्हय? धा वरसानं उठली तरी व्हती तेवढीच."

हे मी इतक्या तपशिलानं लिहितो आहे, कारण पुढं याच वाक्यावर सगळं आलं.

जुनं ते सोनं असंही म्हाळाप्पा मानत नसे, आणि त्यापायीच त्यानं एक शत्रू करून ठेवला. सांगलीकडचे एक इनामदार क्लबाचे सभासद होते. मोठे शौकीन. त्यांनी एकदा एक बाटली आणली. अमेरिकेत मागं दारूबंदी होती तेव्हा तिथं डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध म्हणून जी दारू मिळायची त्यातली. बंदीपायी ती पिपातून काढलीच नव्हती, सोळासतरा वर्षं आत राहिलेली. इनामदारांनी सगळ्यांना बोटभर बोटभर दिली. "वा!" "अमृत!" असं चाललं होतं. क्लबाचे अध्यक्ष कर्नलसाहेब, त्यांनी हौसेनं म्हाळाप्पालाही ग्लास दिला.

त्यानं घोट घेतला, कण्हेरीला दिला, भाकरी चावली. म्हणाला, "इनामदारसाब, मानूस सासुरवाडीत लय दिस ऱ्हायला की तेची कळा जाती. हेचं तसंच झालंय. पिपाच्या सासुरवाडीत लय दिस काढल्यात हेनं. आता नुसतं लाकूड चावल्यागत लागतंय."

मी ते इंग्रजीत सांगितलं. कर्नलसाहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. इनामदार मात्र हसले नाहीत. सबंध सांगलीला ठाऊक होतं की ते घरजावई होते; इनाम होतं ते बायकोकडचं. म्हाळाप्पाला हे ठाऊक होतं की नव्हतं ते मला आजतागायत कळलेलं नाही. मी विचारलं तेव्हा तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "आसं व्हय? आरारा. मग दुसरा दाखला दिला आसता की." आणि ग्लास पुसायला लागला. त्याचे खांदे मात्र हलत होते.

कर्नलसाहेब पुढच्या वसंतात कायमचे विलायतेला जाणार होते. म्हाळाप्पावर त्यांचा फार जीव. त्यांनी ठरवलं की जाण्याआधी म्हाळाप्पाला एक शिफारसपत्र द्यायचं: या माणसाची जीभ मी स्वतः पारखली आहे, हिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा. मजकूर त्यांनी मला सांगितला आणि मीच तो टाइप केला. निरोपाच्या रविवारी दुपारच्या जेवणानंतर सगळ्यांसमोर एक शेवटची परीक्षा घ्यायची आणि तिथंच सही करायची, असा बेत होता.

म्हाळाप्पानं तो कागद माझ्या टेबलाशी येऊन तीनदा बघितला. हात धुऊन यायचा.

"वाचा की रावसाब पुन्यांदा. जिभंचं काय ल्हिलंय ते."

मी वाचायचो.

"ही पदकं," छातीवरच्या फितींवर बोट ठेवून तो म्हणाला, "ही समद्यास्नी मिळाली. जे गेलं त्यास्नी बी आन जे पळालं त्यास्नी बी. ह्यो कागद माझ्या येकट्याचा. हेला काच बशिवनार हाय. बिरोबाच्या फोटूशेजारी लावनार."

आता माझी गोष्ट.

पौषात माझी बायको इंदू बाळंत झाली. सकाळी आठच्या सुमाराला मुलगी झाली आणि पाठोपाठ इंदूला हुडहुडी भरली. हातपाय बर्फासारखे गार, ओठ निळे. डॉक्टर कोरेगावला गेलेले. माझी काकू आणि सुईण दोघी शेगडीशी धडपडत होत्या. काकू बाहेर येऊन ओरडली, "अरे, उभा काय राहिलास? ब्रँडी आण! तळपायांना चोळायला ब्रँडी आण! त्या क्लबात नोकरी करतोस ना?"

मी धावत क्लबात गेलो. क्लबातली ब्रँडी त्या आठवड्यात संपलेली होती. बारच्या कपाटाची किल्ली म्हाळाप्पाकडे, आणि तो चार दिवसांच्या रजेवर गावी. माझ्याकडे किल्ली होती ती सेक्रेटरींच्या खास कपाटाची. त्यात एकच बाटली होती. लढाईच्या आधीच्या बर्बनची शेवटची. एकदा चाखायला उघडलेली आणि कर्नलसाहेबांच्या निरोपासाठी जपून ठेवलेली.

मी ती उघडली, तांब्यात निम्मी ओतून घेतली आणि पळत सुटलो. काकूनं आणि सुईणीनं ती इंदूच्या तळपायांना, तळहातांना, पाठीला चोळली. दुपारपर्यंत इंदूला ऊब आली. साताऱ्यातली सर्वांत उत्तम दारू माझ्या बायकोच्या टाचांनी प्याली. यात मला तेव्हाही लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. त्याच संध्याकाळी जाऊन मेजरांना सांगितलं असतं तर ते दोन शब्द रागावले असते आणि बाळाची खुशाली विचारली असती.

मी सांगितलं नाही. चार दिवसांनी म्हाळाप्पा परतला, बार उघडला, आणि मी माल मोजायच्या निमित्तानं तिथं जाऊन लढाईतल्या बर्बननं ती बाटली पूर्वीच्या खुणेपर्यंत भरून ठेवली. रंग तोच, लेबल तेच. कुणाला कळणार होतं? ज्याला कळलं असतं त्याच्यासाठीच ती बाटली ठेवलेली आहे, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. न पिणाऱ्या माणसाला सगळी दारू सारखीच.

बाराव्या दिवशी बारशाला म्हाळाप्पा आला. बगलेत एक काळंभोर घोंगडं, घरी विणलेलं. पाळण्यात घालायला म्हणून मुलीला त्यानं ते दिलं. मुलीला उचलून घेतलं, तिच्या दुपट्याला नाक लावलं आणि तसाच थांबला. ते दुपटं इंदूच्या अंथरुणावरचं होतं.

"वास लय वळकीचा हाय ओ रावसाब."

"ब्रँडी चोळली होती," मी घाईनं म्हणालो. "थंडी वाजत होती म्हणून."

"ब्रँडी," त्यानं मान डोलावली. मग मुलीच्या कानात, पण मला ऐकू येईल असं म्हणाला, "बया, तुझी ब्रँडी लय चांगली हुती गं."

निरोपाचा रविवार आला. जेवणं झाली. टेबलाशी कर्नलसाहेब, सेक्रेटरी मेजर, साताऱ्याचे एक वयस्क वकील आणि इनामदार. मी मागं उभा, हातात टाइप केलेला कागद आणि टाक. म्हाळाप्पा कडक इस्त्रीच्या गणवेशात, सकाळपासून मिरचीचा उपास. मेजरांनी पडद्याआड तीन ग्लास भरले. दोन लढाईतल्या बाटलीचे, एक त्या जपलेल्या बाटलीतला, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं; कुठला कुठे ते फक्त मेजरांना.

पहिला घोट. चूळ, भाकरी. "लढाईतली."

दुसरा. "ही बी."

इनामदार म्हणाले, "आता तिसरी जुनी म्हणायला जीभ कशाला लागते? तीन वजा दोन कोणालाही येतं."

ते खरंच होतं. त्याला फक्त 'जुनी' म्हणायचं होतं. खोलीतल्या प्रत्येकाला तेच ऐकायचं होतं, कर्नलसाहेबांचा हात टाकासाठी पुढं आला होता. म्हाळाप्पानं तिसरा घोट घेतला. डोळे मिटले. बराच वेळ गेला. थुंकून आला, पुन्हा भाकरी चावली आणि पुन्हा घोट घेतला. असं तो कधीच करत नसे.

"ही मोडकी हाय," तो म्हणाला. "निम्मी जुनी, निम्मी लढाईतली. कुनीतरी मिसळलीया."

मी ते इंग्रजीत सांगितलं. 

मेजर लाल झाले. बाटली त्यांनी स्वतः कपाटात ठेवली होती. ते माझ्याकडे वळले. "किल्ली तुझ्याकडे असते. बाटलीला कुणी हात लावला होता?"

आयुष्यात माणसाला असे किती क्षण येतात? मला एकच आला. घरी बायको, दोन महिन्यांची मुलगी, चोरीचा आळ आला की नोकरी गेली. हे सगळं डोक्यातून गेलं असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे काहीच गेलं नाही. तोंडातून आपोआप आलं, "नो सर."

इनामदार हसायला लागले. "वा हवालदार! मग तुझी जीभ खोटी, नाहीतर बाटलीत भेसळ करणारा तूच, बारवाला. रोज थोडी थोडी कुठं जात होती ते आता कळलं!"

म्हाळाप्पा त्यांच्याकडे बघतच नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. रागानं नाही, कळप मोजताना एक मेंढरू कमी भरलं की बघतात तसं. मग त्याच्या नाकपुड्या किंचित हलल्या. त्याला बारशाचं दुपटं आठवलं असणार. मला ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

तो टाच जुळवून उभा राहिला. "माजीच जीभ चुकली आसंल, साब. जीभ हाय. येकांद्या टायमाला चुकती."

हे इंग्रजीत मीच सांगितलं.

कर्नलसाहेबांनी टाक खाली ठेवला. त्यांना वाईट वाटलं होतं. पण ज्या जिभेचा मालकच ती चुकली म्हणतो, तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा असं ते लिहिणार कसे? कागदावर सही झाली नाही. महिन्याभरात म्हाळाप्पा नोकरी सोडून गेला. कुणी काढलं नाही. "चुकनाऱ्या जिभंनं बार कसा चालवायचा?" म्हणाला आणि कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. मी काहीतरी बोलायला गेलो. तो म्हणाला, "बयाला घोंगडं घालत जावा. सातारची थंडी लय वंगाळ."

इंदूला मी हे सांगितलं तेव्हा मुलगी तीन वर्षांची झाली होती आणि मुंबई इलाख्यात दारूबंदी आली होती. क्लबाचा बार बंद झाला, माझीही नोकरी बदलली. सामान काढताना ती मोडकी बाटली निघाली, तळाशी चार बोटं दारू. कुणीच तिला पुन्हा हात लावला नव्हता. मी घरी येऊन सगळं बोललो. इंदूनं आपल्या पायांकडे बघितलं. मग म्हणाली, "तो माणूस कुठं आहे ते शोधा. उद्याच."

तो हरिपूरला होता. हळदीच्या एका अडत्याकडे. ती चार बोटं मी कफाच्या औषधाच्या बाटलीत भरली, वर 'दिवसातून दोनदा' असं लिहिलं आणि बायको-मुलीला घेऊन कायदा मोडत सांगलीला गेलो. हरिपुरात पेवांच्या रांगेत विचारलं, तर एक जण म्हणाला, "जिभंवाला म्हाळाप्पा व्हय? त्यो काय." म्हाळाप्पा एका पोत्याशी उकिडवा बसला होता. केसांपासून पायांपर्यंत पिवळा, नवरदेवासारखा. हळदीचा कण जिभेवर ठेवून एका व्यापाऱ्याला सांगत होता, "ही दोन सालं मुरल्याली. आन खाली हाय ती औंदाची. वर वर चांगली पसरलीया व्हय रं? पाळी कर पोत्याची." व्यापारी निमूटपणे पोतं उलटं करायला लागला.

आम्हाला बघून तो उठला. मुलीला म्हणाला, "आली का माझी ब्रँडी!"

मी औषधाची बाटली पुढं केली. त्यानं वास घेतला आणि हसला. एक घोट तोंडात फिरवून मातीत थुंकला.

"निम्मी निम्मी," तो म्हणाला. "तवा बी आशीच हुती. सांगितलं हुतं न्हवं, बाटलीत काय बदलत न्हाई म्हनून?"

मला रडू आलं. मी पाया पडायला वाकलो, त्यानं खांदे धरून सरळ केलं. माझ्या सदऱ्यावर दोन पिवळे पंजे उमटले. मी म्हणालो, "हवालदार, ती बाटली मी..."

"मला कशाला सांगता? मला ठावं हाय. ज्यास्नी ठावं न्हाई त्यास्नी सांगा."

उरलेली दारू त्यानं तळव्यावर घेतली आणि मुलीच्या दोन्ही टाचांना चोळली. "तुझ्याच वाटनीची हाय गं बया," म्हणाला. मुलगी गुदगुल्यांनी किंचाळत होती.

परतताना आमचा टांगा इनामदारांच्या फाटकावरून गेला. इनामदार आत झोपाळ्यावर बसलेले दिसत होते. इंदूनं माझ्याकडे बघितलं. मी टांगेवाल्याला थांब म्हणालो नाही. कर्नलसाहेबांना पत्र लिहिणार होतो, ते लिहिलं नाही. मेजर गेले, वकील गेले, इनामदार गेले, म्हाळाप्पाही गेला असं पुढं कधीतरी कळलं. आणि मी, आज ना उद्या सांगू म्हणत, ब्याऐंशीचा झालो.

पण डोळ्यांसमोर म्हाळाप्पा येतो तो टांग्यात बसण्याआधीचा. नवं पेव उघडलं होतं. आत जायच्या आधी त्यांनी दोरीला कंदील बांधून खाली सोडला. विझला नाही, म्हणजे हवा चांगली होती. म्हाळाप्पानं खिशातून भाकरीचा तुकडा काढला, चावला, आणि दोर धरून पेवात उतरायला लागला. आधी पाय गेले, मग छाती. तिथं आता फिती नव्हत्या. शेवटी जमिनीवर नुसतं पिवळं डोकं उरलं. त्यानं मुलीकडे बघून जीभ बाहेर काढली, तीही पिवळी. मुलगी हसली आणि डोकं खाली गेलं.

आम्ही वळलो. तोच पेवाच्या पोटातून घुमत आवाज आला. इतक्या वर्षांत त्यानं मला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं.

"सांग रं त्यास्नी!"

मी मागं फिरलो, पेवाच्या तोंडाशी गुडघे टेकले आणि खाली अंधारात म्हणालो, "सांगतो."

खालून माझाच आवाज मला परत ऐकू आला.